गाद्या-उशांतील लव : ती मिळविण्याच्या रीती आणि पक्ष्यांचे हाल

युरोप, उत्तर अमेरिका, जपान अशा थंड प्रदेशांत हिवाळ्यासाठी ज्या भारी किमतीच्या दुलया वापरतात, त्यांत कापूस नसतो. बदकांच्या व हंसांच्या अंगावरील मऊ लव त्यांत भरलेली असते. व्यापारात तिला 'डाऊन' म्हणतात. आपल्याकडील मोठ्या शहरांतही हिमालयात जाणाऱ्या प्रवाशांसाठी अशी लव भरलेली जाकिटे व झोपण्याच्या पिशव्या विकावयास असतात. ह्या मालास चांगला भाव येतो असे कानावर आल्यामुळे, 'आपल्या बदकांची पिसेही विकता येतील काय?' असा प्रश्न एखाद्या शेतकऱ्याने विचारणे स्वाभाविक आहे. त्याला उत्तर देण्यापूर्वी ही लव कोठून व कशी मिळते, हे गावपातळीवरील कार्यकर्त्याने नीट समजून घेतले पाहिजे. कारण ही एकच वस्तू तीन अगदी निराळ्या मार्गांनी बाजारात येते. एका मार्गात पक्षी मांसासाठी मारल्यानंतर त्याची पिसे काढतात. दुसऱ्यात जिवंत पक्ष्याची पिसे हाताने उपटतात. तिसऱ्यात पक्ष्याला हातही लावावा लागत नाही. दुलई हातात घेऊन कितीही निरखली, तरी तिच्यातील लव ह्यांपैकी कोणत्या मार्गाने आली हे सांगता येत नाही. आणि ह्या धंद्यातील सारी अडचण तेथेच आहे.

लव म्हणजे काय

पाण्यात राहणाऱ्या पक्ष्याच्या अंगावर पिसांचे दोन थर असतात. वरच्या पिसांना मधोमध टणक दांडी असून तिच्या दोन्ही बाजूंस पाते असते. ही पिसे घरावरील कौलांप्रमाणे एकावर एक बसलेली असतात व पाणी आत शिरू देत नाहीत. त्यांच्या खाली, विशेषतः छातीवर व पोटावर, लवेचा थर असतो. लवेच्या कणास दांडी नसते. एका सूक्ष्म बिंदूपासून शेकडो तंतू चहूकडे पसरलेले असतात. वाऱ्यावर तरंगणारी रुईची म्हातारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे लवेचे रूप सहज उभे राहील.

पिंजाऱ्याने कापूस पिंजला म्हणजे तो फुगतो आणि गादी उबदार होते. ती ऊब कापसाची नसून कापसाच्या तंतूंत अडकून राहिलेल्या हवेची असते. लवेचे काम ह्याच तत्त्वावर चालते. फरक इतकाच की अत्यंत थोड्या वजनात ती पुष्कळ हवा धरून ठेवते. व्यापारी तिची परीक्षाही अशीच करतात. सुमारे 28 ग्रॅम लव एका नळकांड्यात घालून, तिच्यावर ठरावीक वजन ठेवून, ती किती जागा व्यापते हे मोजतात. चांगली लव 600 घन इंच, म्हणजे जवळजवळ 10 लिटर जागा व्यापते. उत्कृष्ट लव ह्याहून अधिक. लव दाबली तरी पुन्हा फुगते आणि वर्षानुवर्षे टिकते. तिचा एक दोष मात्र मोठा आहे. ती भिजली की तिच्या गुठळ्या होतात आणि ऊब नाहीशी होते. पक्ष्याच्या अंगावर वरच्या पिसांचे कौल असते म्हणून ती तेथे कोरडी राहते.

कोंबडीच्या अंगावर ह्या कामास उपयोगी पडेल अशी लव नसते. तिच्या पिलावर जी मऊ लव दिसते ती थोड्याच दिवसांत जाऊन पिसे येतात. म्हणून हा धंदा बदक आणि हंस ह्या दोनच पक्ष्यांवर चालतो. येथे हंस म्हणजे ज्यास इंग्रजीत 'गूज' म्हणतात तो पाळीव पक्षी समजावा. चित्रांतून सरस्वतीजवळ दिसणारा लांब, डौलदार मानेचा पक्षी नव्हे. मोठ्या व वयस्क पक्ष्याच्या लवेचा कण मोठा असतो, त्यामुळे हंसाच्या लवेस बदकाच्या लवेपेक्षा भाव अधिक मिळतो.

मांसासाठी मारलेल्या पक्ष्यांची लव

जगातील बहुतेक लव ह्या मार्गाने येते. चीन हा तिचा सर्वांत मोठा उत्पादक देश होय. तेथे बदकाचे मांस मोठ्या प्रमाणावर खाल्ले जाते आणि पिसे हे त्या धंद्याचे दुय्यम उत्पन्न असते. मांसासाठी वाढविलेली पेकिन जातीची बदके सहा ते सात आठवड्यांतच कापण्यायोग्य होतात. पक्षी मारल्यावर त्यास ऊन पाण्यात बुडवून यंत्राने पिसे काढतात. ती धुऊन, वाळवून एका उंच पेटीत हवेच्या झोताने उडवितात. पेटीत कप्पे असतात. जड पिसे पहिल्या कप्प्यात पडतात आणि हलकी लव आडव्या भिंती ओलांडून पलीकडच्या कप्प्यात जाते. उफणणीच्या वेळी धान्य जवळ पडते व भूस दूर जाते, तोच हा प्रकार. येथे मात्र भुसालाच किंमत असते! पुढे वाफ देऊन लव निर्जंतुक करतात. ती धुतलेले पाणी किती स्वच्छ आहे, हेही प्रयोगशाळेत तपासतात.

पक्षी मेल्यावर पिसे काढली असता त्या कामापासून त्याला वेदना होण्याचा प्रश्न उरत नाही. तरीही हा मार्ग सर्वस्वी निर्दोष मानता येत नाही. पक्षी जिवंत असताना त्याला कसे ठेवले होते, ही बाब उरतेच. बदक हा जलचर पक्षी. त्याला डोके बुडविण्यापुरतेही पाणी न देता दाट गर्दीत वाढविले तर त्याचे डोळे व नाकपुड्या घाण होतात, पिसे राठ होतात, आणि पक्षी एकमेकांची पिसे टोचून काढू लागतात. दुसरी गोष्ट यकृताची. फ्रान्स, हंगेरी इत्यादी देशांत बदकांच्या व हंसांच्या घशात नळी घालून त्यांना बळेबळे मका भरवितात. त्यामुळे यकृत कित्येक पटींनी फुगते आणि ते पक्वान्न म्हणून महाग विकले जाते. भारत सरकारने 2014 साली अशा यकृताची आयात बंद केली. परंतु त्या पक्ष्यांची लव इतर लवेत मिसळून जाते व तिच्यावर तसा काही शिक्का नसतो.

जिवंत पक्ष्याची पिसे उपटणे

ही रीत फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने पांढऱ्या हंसांच्या पिसांविषयी लिहिताना, काही ठिकाणी ती वर्षातून दोनदा उपटतात असे नमूद केले आहे. जर्मनीतील हंसांच्या लवेस पौंडाला पाच देनारियस, म्हणजे चांदीची पाच नाणी, इतका भाव होता. आणि त्या लोभाने सेनाधिकारी चौकीवरील पलटणीच्या पलटणी हंस पकडावयास पाठवीत, अशीही तक्रार त्याने केली आहे. इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातील दलदलीच्या प्रदेशात अठराव्या शतकात हंसांचे मोठमोठे कळप पाळीत. टॉमस पेनंट हा निसर्गाभ्यासक 1769 साली तेथून गेला. त्या हंसांची पिसे वर्षातून पाच वेळा उपटतात, वसंत ऋतूत लेखणीच्या पिसांसह आणि पुढे शरद ऋतूपर्यंत आणखी चार वेळा, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या काळी उशीही हंसाची आणि लेखणीही हंसाचीच असे.

विसाव्या शतकात हंगेरी, पोलंड व चीन ह्या देशांत ही रीत विशेष प्रचलित राहिली. हंसाचे पिलू साधारण नऊ-दहा आठवड्यांचे झाले म्हणजे प्रथम त्याची छाती व पोट उघडे करावयाचे, नवी पिसे येण्यास सुमारे सहा आठवडे जाऊ द्यावयाचे, आणि पुन्हा उपटावयाचे, असा क्रम असे. अंड्यांसाठी वर्षानुवर्षे ठेवलेल्या पक्ष्यांवर तर हा प्रसंग कित्येकदा येई. ह्यात पाळणाऱ्याचा हिशोब उघड आहे. पक्षी मारून लव घेतली तर ती एकदाच मिळते. जिवंत ठेवून घेतली तर तीन-चार वेळा मिळते, आणि शेवटी मांसही हाती राहते. शिवाय ही लव ऊन पाण्यात बुडविलेली नसते, म्हणून व्यापारी तिला वरचा भाव देतो. ज्याच्या घरी शे-दोनशे हंस हेच उत्पन्नाचे साधन आहे, त्याला हा मोह सोडवत नाही ह्यात नवल नाही. त्याला निर्दय म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तो भाव देणारा व्यापारी, आणि लव कशी आली हे न विचारणारा गिऱ्हाईक, ह्यांचाही त्यात वाटा आहे हे विसरून चालणार नाही.

पक्ष्यास ह्यापासून खरोखर वेदना होते काय, की मेंढीची लोकर कातरण्यासारखाच हा प्रकार आहे? पुष्कळ लोक मेंढीचीच उपमा देतात, म्हणून ह्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे.

लोकर कातरताना कात्री कातडीच्या वरून फिरते. मूळ जागच्या जागी राहते. पीस मात्र मुळासकट निघते. प्रत्येक पीस कातडीतील एका खोबणीत रुजलेले असून त्या खोबणीभोवती ज्ञानतंतूंचे जाळे असते. पीस वाढत असताना त्याच्या पोकळ बुडात रक्त खेळत असते. असे कोवळे पीस उपटले तर रक्त येते. वाढ पूर्ण झाली म्हणजे रक्त मागे हटते, बूड सुकून काचेसारखे स्वच्छ होते, आणि पीस निर्जीव होते. परंतु निर्जीव झालेले पीसही खोबणीने घट्ट धरून ठेवलेले असते. ओढले असता खोबणीच्या ज्ञानतंतूंना हिसका बसतोच. पुढे पिसे झडण्याचा ऋतू आला की खालून नवे पीस वर येऊ लागते आणि जुने सैल होऊन आपोआप गळते.

आंब्याचे उदाहरण घेतल्यास हे लवकर ध्यानात येईल. पाडाला आलेला आंबा हात लावताच देठाशी सुटतो. कैरी ओढली तर देठ तुटून चीक येतो. झडू लागलेले पीस आणि न झडणारे पीस ह्यांत हेच अंतर आहे. ह्यावरून काही व्यापारी असे म्हणतात की, पिसे झडण्याच्या काळात हलकेच हात फिरवून किंवा फणीने विंचरून सैल झालेली तेवढीच लव गोळा करण्यास काय हरकत आहे? तत्त्वतः हरकत नाही. युरोपीय संघाच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2010 साली ह्या प्रश्नाचा शास्त्रीय विचार करून असेच मत दिले की, केवळ पिकलेली पिसे गोळा केली तर पक्ष्यास वेदना होऊ न देणे शक्य आहे. परंतु त्याच मतात पुढील अडचणही सांगितली होती. एका झाडावरील सर्व आंबे एका दिवशी पाडाला येत नाहीत. त्याप्रमाणेच कळपातील सर्व पक्ष्यांची पिसे एकाच वेळी सैल होत नाहीत, आणि एकाच पक्ष्याच्या अंगावरही काही पिकलेली तर काही कोवळी असतात. हजारो पक्षी एका दिवसात उरकावयाचे असता प्रत्येक पीस पाहून घेणे होत नाही. मग पिकलेल्याबरोबर न पिकलेलीही निघतात.

त्यातून पिसे काढणाऱ्या मजुरास नगावर मजुरी मिळत असेल, तर तो घाई करणारच. पक्षी मांड्यांत दाबून धरलेला, पंख मुरगळलेले, आणि मुठीमुठीने ओढ चाललेली, अशा घाईत कातडी फाटते, पंख लचकतो, प्रसंगी हाड निखळते. काही पक्षी आरडाओरड व धडपड करतात. काही अगदी निपचित पडून राहतात. निपचित पडलेल्या पक्ष्यास त्रास होत नाही असे समजू नये. शत्रूच्या तावडीत सापडलेला पक्षी भीतीने असाच ताठरतो, हे कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे.

कायदा आणि दाखले

युरोपीय परिषदेच्या एका समितीने 1999 साली पाळीव हंसांसंबंधी शिफारशी मंजूर केल्या. जिवंत पक्ष्याची पिसे अथवा लव उपटू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. तरीही झडणीच्या वेळी 'गोळा करणे' आणि 'उपटणे' ह्यांतील अंतर कागदावर जितके ठळक तितके गोठ्यात राहिले नाही. 2009 साली स्वीडनमधील एका दूरचित्रवाणी वाहिनीने जिवंत हंसांची पिसे उपटतानाची दृश्ये दाखविली, तेव्हा तेथील गिऱ्हाईक खडबडून जागे झाले. वर उल्लेखिलेले 2010 सालचे मत त्यानंतरचे होय.

ह्यानंतर 2014 साली टेक्स्टाईल एक्स्चेंज ह्या संस्थेच्या सहभागाने 'रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड' नावाची प्रमाणपद्धती सुरू झाली. जिवंत पक्ष्याची पिसे न उपटणे आणि बळेबळे न भरविणे ह्या तिच्या मुख्य अटी. तिचे खरे वैशिष्ट्य असे की तीत केवळ कारखान्याची तपासणी न करता पक्षी वाढविणारा, कत्तलखाना, लव धुणारा, शिवणारा अशा प्रत्येक टप्प्याची तपासणी करावयाची आणि प्रमाणित माल इतर मालापासून वेगळा ठेवावयाचा, असे ठरविण्यात आले. आपल्याकडे प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर खूणचिठ्ठी असते, तिच्यामागेही शेताच्या पाहणीपासून मोहोरबंदीपर्यंतची साखळी असते. तसाच हा प्रकार. मात्र ह्या साखळीत एक सैल कडी राहिली. मांसाच्या पक्ष्यांची पिले ज्या मूळ कळपांपासून येतात, ते अंड्यांचे कळप तपासून घेणे सुरुवातीस ऐच्छिक ठेवण्यात आले होते. आणि वारंवार पिसे उपटली जाण्याचा धोका तर ह्या दीर्घकाळ जगणाऱ्या पक्ष्यांनाच अधिक असतो.

आइसलँडमधील रीत

आता तिसरा मार्ग. आइसलँड हा उत्तर अटलांटिक महासागरातील लहानसा देश. तेथील किनाऱ्यावर आयडर नावाचे जंगली सागरी बदक घरटे करते. ह्या बदकाची मादी अंडी घातल्यावर आपल्या छातीची लव आपणच काढून घरट्यात अंथरते. अंड्यांना ऊब मिळते आणि छाती उघडी झाल्याने अंगाची उष्णता सरळ अंड्यांना लागते. ती अन्न जवळजवळ वर्ज्य करून सुमारे पंचवीस दिवस बसून राहते. पिले बाहेर पडली की ती त्यांना घेऊन समुद्रात जाते आणि घरटे लवेसह तसेच मागे राहते.

आइसलँडचा शेतकरी ही मागे राहिलेली लव उचलतो. काहीजण अंडी उबत असतानाच थोडी लव काढून तेथे सुके गवत घालतात. पण ते इतक्या बेताने की अंडी थंड होऊ नयेत, कारण मादी घरटे सोडून गेली तर पुढच्या वर्षाचे उत्पन्नही गेले. कोल्हा, मिंक, कावळ्याच्या जातीचे मोठे पक्षी व समुद्रपक्षी हे आयडरच्या अंड्यांचे शत्रू होत. त्यांपासून शेतकरी घरट्यांची राखण करतो, वाऱ्यापासून आडोसा म्हणून दगड, फळ्या, जुने टायर मांडून देतो, रंगीत निशाणेही लावतो. म्हणून हे जंगली पक्षी माणसाच्या वस्तीजवळ आपण होऊन येतात. पक्षी पाळलेला नाही, पिंजऱ्यात नाही, त्याला दाणा घालावा लागत नाही. तरी तो दरवर्षी त्याच जागी येतो आणि आपला मोबदला ठेवून जातो. राखण करणारा आणि राखला जाणारा, दोघांचाही लाभ होईल असा व्यवहार पशुपालनात क्वचितच पाहावयास मिळतो.

ह्या बदकांस आइसलँडमध्ये 1847 पासून कायद्याने पूर्ण संरक्षण आहे. एका घरट्यापासून साफ केलेली लव जेमतेम 15 ते 17 ग्रॅम मिळते. एक किलोग्रॅमसाठी सुमारे 60 घरटी लागतात. लव वाळवून, तापवून, तिच्यातील गवत, शेवाळ व कवचाचे तुकडे काढावे लागतात. साऱ्या देशाचे उत्पन्न वर्षाला तीन टनांच्या आसपास असते, आणि जगातील आयडर लवेचा बहुतांश हाच. त्यामुळे तिची किंमत हंसाच्या लवेच्या कित्येक पट असते. नॉर्वेच्या वेगा बेटांवरही ही रीत शतकानुशतके चालत आली. तेथील कुटुंबे, विशेषतः स्त्रिया, ह्या पक्ष्यांसाठी लहान लहान घरे बांधीत. 2004 साली युनेस्कोने वेगा बेटांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला, तो ह्या जीवनपद्धतीमुळेच.

ह्याच पक्ष्याची दुसऱ्या किनाऱ्यावर काय गत झाली, तेही सांगितले पाहिजे. अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातून लॅब्रॅडोरच्या किनाऱ्यावर पिसांसाठी जहाजे जात. पिसे झडण्याच्या काळात आयडर उडू शकत नाही. त्या वेळी पक्ष्यांना घेरून काठ्यांनी मारीत आणि पिसे पोत्यांत भरीत. पक्षी इतके घटले की ह्या सफरींचा धंदाच राहिला नाही. पक्षी तोच, लवही तीच. एके ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या उत्पन्न चालू राहिले आणि दुसऱ्या ठिकाणी थोड्याच वर्षांत संपले.

आपल्या बदकपालकांसाठी

आयडर आपल्याकडे येत नाही. हिवाळ्यात जायकवाडी, उजनी अशा जलाशयांवर पट्टेरी डोक्याचे जंगली हंस उतरतात. परंतु ते हिमालयापलीकडून आलेले पाहुणे असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये त्यांना पकडणे वा मारणे गुन्हा आहे. त्यांच्या पिसांचा विचारही करू नये.

आपल्या राज्यातील शेतकरी थोडीफार बदके पाळतात ती मुख्यतः अंड्यांसाठी. अशा लहान कळपापासून लवेचा धंदा होणार नाही, हे कार्यकर्त्यांनी स्पष्टपणे सांगावे. एका बदकापासून लव काही ग्रॅमच मिळते. एका दुलईस मात्र अर्धा ते एक किलोग्रॅम लागते. आपल्या हवेत लवेच्या दुलईची गरजही नाही. कापसाची गादी, काटेसावरीच्या कापसाची उशी आणि आजीच्या हातची गोधडी ह्या कोकणापासून विदर्भापर्यंत पुरून उरतात. तथापि, घरी खाण्यासाठी किंवा बाजारासाठी बदक कापले जात असेल तर त्याची पिसे फेकून देऊ नयेत. पक्षी मेल्याची खात्री झाल्यावर, ऊन पाण्यात घालण्यापूर्वी, छातीची व पोटाची मऊ पिसे कोरडीच काढून घ्यावी. पंखांची व शेपटीची दांडीची पिसे त्यांत मिसळू नयेत. मलमलीच्या पिशवीत भरून ती सौम्य साबणाच्या पाण्यात धुवावी, दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यातून काढावी व पिशवीसकट उन्हात वाळवावी. वाळत असताना पिशवी वरचेवर झटकावी. आत ओल राहिली तर लव कुजते व दुर्गंधी येते. घरच्या उशीपुरता हा माल उत्तम होतो. उरलेली पिसे कंपोस्टच्या खड्ड्यात जिरवावी.

रोगाने मेलेल्या किंवा आजारी दिसणाऱ्या पक्ष्याचे एकही पीस घेऊ नये. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लूची साथ आली, ती देशातील पहिली. बदकाच्या अंगात ह्या रोगाचे विषाणू असूनही ते वरवर निरोगी दिसू शकते, आणि विषाणू पिसांतही आढळतात. म्हणून परिसरात कोंबड्या किंवा पाणपक्षी अचानक मरू लागल्यास पिसे हाताळणे तत्काळ बंद करावे व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

पिसे विकत घेणारा कोणी गावात आला, तर त्याला काय हवे आहे ते नीट ऐकून घ्यावे. कापलेल्या पक्ष्यांची पिसे मागणारा व्यापारी कळपाची संख्या आणि कापण्याचे दिवस विचारील. त्याच त्या पक्ष्यांची कोरडी लव दर सहा-सात आठवड्यांनी मिळावी अशी मागणी करणाऱ्याला जिवंत पक्ष्यांची लव हवी आहे, हे उघड आहे. कारण तेवढ्या अवधीत त्याच अंगावर पिसे पुन्हा येतात. असा सौदा करू नये. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा अधिनियम पक्ष्यांनाही लागू आहे. त्याच्या कलम 11 प्रमाणे प्राण्याला अनावश्यक वेदना होतील असे वागविणे हा गुन्हा ठरतो.

कळपाची पाहणी करताना कार्यकर्त्याने पक्षी हातात घेऊन पोटाकडील बाजू पाहावी. खुडूक बसलेल्या मादीच्या पोटावर उघडी जागा असणे स्वाभाविक आहे. नराच्या चोचीमुळे मादीच्या मानेवरची पिसे गेलेली असतात, तीही काळजीची बाब नव्हे. परंतु एकाच कळपातील नर-मादी बहुतेक सर्वांची छाती सारखीच उघडी असेल, कातडीवर लाल ठिपके किंवा खपल्या असतील, आणि तेथेच निळसर बुडाची कोवळी पिसे एकदम फुटत असतील, तर ती झडणी नव्हे. खाली पडलेली पिसे उचलून त्यांची बुडे पाहावी. झडलेल्या पिसाचे बूड कोरडे, पोकळ व स्वच्छ असते. उपटलेल्या कोवळ्या पिसाच्या बुडाशी काळसर रक्त वाळलेले असते. असे आढळल्यास पाळणाऱ्याशी प्रथम शांतपणे बोलावे, व्यापाऱ्याचे नाव-गाव विचारून घ्यावे, आणि पक्ष्यांच्या जखमांवरील उपचारासाठी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यास त्याच दिवशी कळवावे.